नको तिथला उजेड

"माझ्या आयुष्यभराच्या कामाचा कुणीतरी खून केलाय," प्राध्यापिका म्हणाल्या आणि खुर्चीत कोसळल्या.

टेबलावर काचेची कुपी होती. आतला द्रव उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा थिजलेला. लेबलाचा कोपरा सुटून वळलेला.

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी कुपी उजेडात धरली. त्यांचे मदतनीस, म्हणजे त्यांचे दीर भावोजी, जिने चढून पार आंबले होते.

"यात होतं काय?" भावोजींनी विचारलं.

"प्रतिपिंडं. पेशीत ओझी वाहणारं एक मोटर प्रथिन असतं. ही फक्त त्यालाच चिकटतात, मग ते सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं चमकतं. ज्या सशापासून मिळवली तो केव्हाच मेला. हा शेवटचा साठा. हे माझ्या निष्कर्षांवर शंका घेणाऱ्या त्या प्रतिस्पर्ध्याचंच काम!"

प्रतिस्पर्धी फोनवर वैतागला. "मी त्या इमारतीत पाऊलही ठेवलेलं नाही. उलट, पडताळा घ्या म्हणून ते प्रथिन काढून टाकलेल्या पेशी पाठवल्या. पोचल्याचं प्राध्यापिकांच्या धाकट्या बहिणीने कळवलं. पुढे सगळी सामसूम."

प्राध्यापिकांच्या हाताखालच्या विद्यार्थिनीचे डोळे रडून सुजले होते. "मी वापरली तेव्हा चांगली होती हो! धाकट्या ताईंनी नव्या पेशी दिल्या. कुठल्या ते सांगितलं नाही. इतक्या झकास चमकल्या! त्या पेशींच्या काचा ताईंनी ठेवून घेतल्या."

प्रयोगशाळा सांभाळणारी धाकटी बहीण खाली बघूनच बोलली. "फ्रीज बंद पडला असेल."

"तेच असणार," भावोजी जांभई देत म्हणाले. "चला घरी."

"भावोजी, फ्रीज बंद पडून कधी अंडं उकडतं का?" वहिनींनी कुपी खाली ठेवली. "ही कडकडीत पाण्यात बुडवली, म्हणून लेबलही सुटलं. प्रतिस्पर्ध्याला तर पडताळाच हवा होता, तो साठा कशाला नासवेल? विद्यार्थिनीला त्या पेशी प्रतिस्पर्ध्याने पाठवलेल्या हे ठाऊक नव्हतं, नाहीतर चमक पाहून ती हरखली नसती, हादरली असती. त्यांत ते प्रथिनच नव्हतं! म्हणजे प्रतिपिंडं भलत्यालाच चिकटत होती. पेशी कुठल्या हे माहीत असून ती चमक पाहिलेली व्यक्ती एकच."

धाकटीला हुंदका फुटला. "ताई, तुझं सगळं काम खोटं ठरलं असतं गं. साठा संपला की पडताळाच नको."

प्राध्यापिका खुर्चीतून उठल्या. "काचा कुठायत?"

धाकटीने कपाटातून आणल्या. प्राध्यापिकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आत सगळं हिरवंगार होतं.

"चमकतंय खरं," त्या थकून म्हणाल्या. "छापलेलं सगळं मागे घ्यावं लागेल. मग पहिल्यापासून सुरुवात."

"या वयात, ताई?"

"मग काय, तुझ्यासारखं उकळून टाकू?"