मिनिटाला सोळा

दुपारी दोनच्या सुमारास तवनाप्पा चौगुल्यांच्या खाटेची पाठ आणखी दोन अंशांनी खाली गेली आणि त्यांच्या सुनेनं, शीतलनं, समाधानानं हात जोडले.

चाळीस वर्षं मागावर कापड विणताना सुताची धूळ आप्पांच्या छातीत बसली होती. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून ते भिंतीला उशा लावून बसूनच झोपत. गेल्या वर्षी आरोग्य योजनेतून गल्लीत घरोघरी श्वासशय्या आल्या. तिच्या गादीतले संवेदक धागे छातीची हालचाल टिपत आणि श्वास मोजत; आकडा खाटेच्या कडेला उजळ पट्टीवर दिसायचा. श्वास अडला की खाट पाठ उचलायची, सुधारला की हळूहळू उतरवायची. पासष्ट अंशांवरून आप्पा आता वीसवर आले होते. घरात पेढेसुद्धा वाटून झाले होते.

एकटे आप्पा तेवढे खूश नव्हते.

"पोरी, दम निघंना झालाय गं. जरा वर कर की."

"आप्पा, घाबरालाय कशाला? पट्टीवर बघा, सोळा. मिनिटाला सोळा श्वास. माझंबी इतकं सरळ चालत न्हाई." पाठीमागे लपवलेली उशी तिनं लटक्या रागानं काढून घेतली. "ह्या उशांनीच खाटेचं गणित बिघडतंय."

आप्पांनी वाद घातला नाही. बोलायलाही श्वास लागतो.

खोलीच्या बरोबर खाली दोन माग चालू होते. घरातले बाकीचे माग जेवणाच्या वेळी थांबत, हे दोन मात्र कधीच नाही. आवाज थांबला की आप्पांची झोप मोडायची, म्हणून त्यांच्या मुलानं, अभिनंदननं, खाट आल्यानंतर तशी शिस्तच लावली होती. एवढी माया कुठं बघायला मिळते, असं शेजारीपाजारी म्हणत.

तेवढ्यात खालच्या एका मागावर धागा तुटला आणि तो माग थांबला.

पट्टीवरचा सोळा गेला. अडतीस आला. लाल दिवा लागला आणि खाट घाईघाईनं पाठ उचलू लागली. आप्पांच्या गळ्याखालची कातडी आत ओढली जात होती, ओठ निळसर दिसत होते. ते मघापासून तसेच होते. शीतलनं इतका वेळ फक्त पट्टी पाहिली होती.

खाली धागा जोडला गेला, माग सुरू झाला. पट्टीवर पुन्हा सोळा. खाट शांतपणे खाली येऊ लागली.

शीतल मागवाल्याच्याच घरात जन्मली होती. एक माग मिनिटाला एकशे बारा ठोके टाकतो, दुसरा एकशे अठ्ठावीस, हे तिला कानानंच कळत होतं. ठोके जुळले की तक्तपोशी, खोलीची फळ्यांची जमीन, जोरात हादरते, चुकले की मऊ होते. असं चढणं-उतरणं मिनिटाला किती वेळा? दोघांतल्या फरकाइतकं. सोळा.

खाट बसवली ती सुट्टीच्या दिवशी, सगळे माग बंद असताना. तेव्हा खाटेनं आप्पांचाच श्वास मोजला होता. त्यानंतर मात्र ती जमिनीचा श्वास मोजत आली होती, आणि तो इतका निरोगी होता की ती आप्पांना रोज थोडं थोडं आडवं करत होती. या हातांनी आपण किती उशा काढल्या?

"अहो! माग बंद करा! दोन्ही बंद करा!" ती जिन्याकडे तोंड करून ओरडली. संकोच बाजूला ठेवून ती खाटेवर चढली, सासऱ्यांना बखोटीला धरून उठवलं आणि त्यांच्या पाठीला आपली पाठ लावून बसली. हळूहळू आप्पांचा श्वास पुरा होऊ लागला. प्रत्येक श्वास तिला स्वतःच्या पाठीत कळत होता, वेडावाकडा, घरघरणारा, पण माणसाचा.

अभिनंदन धावत आला तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "रोज सांगत हुतो."

घरातले माग थांबले, तरी पलीकडून खडखडाट येतच होता. सगळी गल्ली चालू होती, आणि घरोघरी याच दोन वेगांचे माग होते. आप्पांना नवऱ्याच्या हवाली करून शीतल अनवाणीच शेजारी धावली. मालूताई दारात सूत सोडवत बसल्या होत्या; त्यांच्या सासूबाई, आक्का, आत अशाच खाटेवर होत्या.

"मालूताई, आक्का कशा हाईत?"

"लई झ्याक!" मालूताई हसल्या. "काल खाट पार सपाट झाली बघ. सकाळपासनं डोळा उघडला न्हाई, इतकी गाढ झोप लागलीया. पट्टीवर सोळाच्या सोळा. का गं? उठवू का?"