उलट्या पायांचा काता

"मी नाही पुसणार तो आरसा," पोपट म्हणाला आणि ओलं फडकं बादलीत टाकून मोकळा झाला. "आत कुणी दिसलं म्हणजे?"

"तूच दिसशील. तेवढं भयंकर पुरे आहे," मिरी म्हणाली.

नवं वर्ष परवावर आलं होतं. वर्षाच्या पहिल्या सकाळी कराटेच्या वर्गात पट्टे बदलायचे, हा मिरीच्या आजोबांनी घालून दिलेला नियम. त्याआधी मुलांनीच हॉल घासूनपुसून लख्ख करायचा, हाही त्यांचाच. आजोबा पावसाळ्यात गेले. तेव्हापासून वर्ग मिरीचा काका घेत होता.

मिरी म्हणजे मिऱ्याएवढी आणि तशीच तिखट. पोपटाचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं. आणि तिसरा कासव. त्याला कुणी नाव विचारलं तरी आधी विचार करायचा. तिघांचेही पट्टे परवा पिवळ्याचे हिरवे व्हायचे होते.

तेवढ्यात काका दारात आला. आत मात्र आला नाही.

"हे बघा, परवाचा कार्यक्रम इथे नाही. नवी जागा घेतलीय. उद्या दुपारी टेम्पो येईल. बाक, आरसा, सगळं निघेल. आरशाला तर गिऱ्हाईकही मिळालंय."

"पण का?" मिरीने विचारलं.

"छत गळतं."

तिघांनी वर पाहिलं. छत खडखडीत कोरडं होतं.

"गळेल," असं म्हणून काका निघूनही गेला.

मग कासव सावकाश म्हणाला, "सर घाबरलेत. काल दुपारी मी राहिलेली चप्पल न्यायला आलो होतो. सर बाहेर उभे होते, हातात किल्ली घेऊन. कुलूप काढायचा धीर होत नव्हता त्यांना. आतून आवाज येत होता."

"कसला?"

"जोरात श्वास सोडल्याचा. मग पाय आपटल्याचा. परत श्वास." तो थांबला. "आणि बामचा वास येत होता."

पोपटानेसुद्धा यावर विनोद केला नाही. वर्ग सुरू व्हायच्या आधी आजोबा गुडघ्याला बाम चोळायचे. पायऱ्यांवरच वास यायचा आणि मुलं आपोआप गप्प व्हायची.

मिरीच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. 'आजोबा असतील तर असू देत की,' तिला वाटलं. त्यांचं जाणं एवढं अचानक झालं, की तिला त्यांच्याशी धड बोलताही आलं नव्हतं. आणि उद्या हा हॉल रिकामा केला, तर ते जातील कुठे?

"आपण बघायचं," ती म्हणाली. "पकडायचं वगैरे नाही. नुसतं बघायचं."

हॉलच्या वरच्याच मजल्यावर मिरीचं घर. कोपऱ्यातल्या दारातून एक जिना सरळ घरात जायचा. पण दुपारी घर सामसूम असायचं. आईबाबा कामावर, काका दुकानात आणि आजी आपल्या खोलीत दार लावून झोपलेली. आजीचे गुडघे तर असे, की कठडा धरल्याशिवाय ती दोन पायऱ्या उतरायची नाही.

पोपटाने घरून धाकट्या बहिणीची पावडर आणली. कासवाने हॉलच्या मधोमध, डबा संपेपर्यंत ती भुरभुरवली. खिडक्या लावल्या, बाहेरून कुलूप घातलं आणि तिघं पायरीवर बसून राहिले.

रस्त्यावर ऊन होतं. समोरच्या गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. मग तो आवाज थांबला, आणि दाराच्या आतून एक लांब श्वास ऐकू आला.

हुस्स...

पाय आपटला. पुन्हा श्वास. दाराच्या फटीतून बामचा वास आला, आणि मिरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने कपाळ दाराला टेकवलं. आत कुणीतरी अगदी सावकाश, मधे थांबत, काता करत होतं. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायचे वार आणि बचाव. हा पहिलाच काता होता. आजोबांनी तिला सगळ्यात आधी शिकवलेला.

आवाज थांबल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी कुलूप काढलं. हॉल रिकामा होता. पावडरीत पावलं मात्र उमटली होती.

पोपट वाकला आणि झटकन मागे सरला. "पाय उलटे आहेत. आई गं, खरंच उलटे आहेत."

"टाचा जागेवर आहेत की," कासव म्हणाला.

"तसं नाही रे. पहिलं पाऊल बघ. आपण डावा टाकतो. हा उजवा आहे."

कासवाने पावडरीच्या कडेकडेने काता करून पाहिला. त्याचा डावा, तिथे उजवा. त्याचं वळण डावीकडे, तर पावलांचं उजवीकडे. शेवटपर्यंत तसंच.

"मग आजोबा नाहीत," मिरी पुटपुटली. "ते झोपेतही चुकले नसते." बोलता बोलता तिचा आवाज फुटला. आपण एवढी आशा लावून बसलो होतो, हे तिला आत्ता कळलं.

कासव तिच्याकडे न बघता म्हणाला, "असं उलटं कोण शिकतं, सांगू? समोर उभं राहून बघणारा. समोरच्याने डावा पाय टाकला, की आपण त्याच बाजूचा टाकतो, म्हणजे आपला उजवा. म्हणून तर मोठे सर शिकवताना आपल्याकडे पाठ करून उभे राहायचे."

"आपल्याकडे पाठ," मिरी म्हणाली. "आणि तोंड?"

तिघांनी एकदम तिकडे पाहिलं. आरशाशेजारी, जिन्याच्या दाराजवळ, बाक होता. त्यावर पाण्याचा जग घेऊन रोज एकच माणूस बसायचं.

"काहीतरीच काय," मिरी म्हणाली. पण रात्री तिला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाद्यांच्या ढिगामागे दबा धरून बसली. टेम्पो आला तर काकाला बाहेर थोपवायचं काम पोपटाकडे होतं. त्याबाबतीत काळजीचं कारणच नव्हतं.

जिन्याचं दार करकरलं. बंद खिडक्यांच्या अंधुक उजेडात एक पांढरा सदरा आरशापुढे येऊन उभा राहिला. आजोबांचा सदरा. आरशातल्या त्या आकृतीने डावा पाय टाकला, डावा हात खाली आणला, श्वास सोडला. अगदी तसाच. मिरीच्या तोंडून "आजोबा" निघून गेलं.

आकृती दचकून वळली. बाह्या मनगटापर्यंत दुमडलेल्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा.

"अगं बाई," आजी म्हणाली. "तू होय."

मिरी धावत जाऊन तिला बिलगली आणि हमसून रडली. आजीने तिला रडू दिलं.

"आजोबांनी शिकवलं तुला?"

"विचारलं होतं एकदा. या वयात काय नाचतेस म्हणून हसले. मी पुन्हा विचारलं नाही. बसल्या बसल्या बघत राहिले, झालं." आजी बाकावर टेकली आणि गुडघा चोळू लागली. "उलटं आहे हे मला ठाऊक आहे गं. पण मी उलटं केलं, की आरशात सुलट दिसतं. यांचा सदरा, यांची पावलं. तेवढा वेळ हे समोर असतात."

"मग काकाला सांग ना, आरसा विकू नको म्हणून."

"काय सांगू? म्हातारीला खूळ लागलंय, असं? तूही बोलू नकोस कुठे."

बाहेर पोपट जीव तोडून बोलत होता. "सर, ती गोल फिरून मारायची लाथ एकदा दाखवा ना. टेम्पोवाल्या काकांनी कधी बघितलीच नाहीये." काका या लाथेसाठी कधीही तयार असे. त्याने ती एकदा दाखवली, टेम्पोवाल्याने टाळ्या वाजवल्या म्हणून पुन्हा दाखवली.

मिरीने आजीचा हात धरला. "आजी, तू आत्ता वर गेलीस तर आरसा जाईल. मग रोज दुपारी काय करशील?"

आजीने आरशाकडे पाहिलं. मग उठली, सदरा नीट केला आणि आरशापुढे जाऊन उभी राहिली.

मिरीने दार उघडलं. काका धापा टाकत उंबऱ्यात आला, त्याने आरशात पाहिलं आणि त्याच्या हातातला दोर गळून पडला. पाय जुळले, कंबर वाकली.

"सर," तो म्हणाला. हॉलमध्ये तो वडिलांना सरच म्हणायचा.

"मी आहे रे," आजी म्हणाली.

काका वाकलेलाच राहिला, आणि त्याचे खांदे हलू लागले. पोपट पहिल्यांदाच शब्दाविना उभा होता. कासवाने टेम्पोवाल्याला हळूच बाजूला नेलं. "आज काही न्यायचं नाहीये," त्याने सांगितलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी हॉल गच्च भरला होता. काकाने सगळ्यांसमोर कबुली दिली. "मी काळ्या पट्ट्याचा माणूस, कुलूप काढायला घाबरलो. पिवळ्या पट्ट्याची ही तीन पोरं नाही घाबरली. वर्ग इथेच राहील. आरसाही." टाळ्या पडल्या. "मी घाबरलो होतो की थोडा," पोपट कुजबुजला आणि कासवाने त्याच्या पायावर पाय दिला.

मग मिरीची पाळी आली. पट्ट्याआधी प्रत्येकाने पहिला काता करून दाखवायचा असतो. आजोबा उभे राहायचे त्या जागी, बाकाकडे तोंड करून, ती उभी राहिली. आजी बाकावर होती. मिरीने तिच्याकडे पाहिलं, पण सुरुवात केली नाही.

"आजी, ये ना."

हॉलमध्ये कुजबुज झाली. आजीने काकाकडे बघितलं. काका तिच्यापुढे गुडघ्यावर बसला, एक कोरा पांढरा पट्टा त्याने तिच्या कमरेला बांधला आणि बाजूला झाला.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मिरीने डावा पाय टाकला, आजीने उजवा. दोघी एकाच बाजूला वळल्या, एकदम थांबल्या, एकदम श्वास सोडला. आजीने आरशाकडे एकदाही पाहिलं नाही. ती मिरीकडेच बघत होती.

काता संपला तेव्हा आजीला दम लागला होता. तिने मिरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"पाऊल अगदी यांच्यासारखं टाकतेस गं," ती म्हणाली. "उद्या दुपारी येशील?"