घरचेच राखणदार

“रविवार चुकवू नको हां गो, नर्मदा! उन्हात उभी रव. सूर्यनारायण तुझे चट्टे निपटून काढतलो, मगे तुझा चेडू तुका परत!”

सासूबाईंचे, काशीबाईंचे, हे शब्द नर्मदेने देववाणीसारखे झेलले होते... तिच्या गालांवर तांबडे चट्टे उमटले, तशी सासूबाईंना महारोगाची शंका आली आणि तिच्या दोन वर्षांच्या लेकीला, सुगंधाला, त्यांनी बांद्याला आत्याकडे नेऊन ठेवले. कातडीचे दुखणे सूर्याच्या व्रताने जाते, ही घरची श्रद्धा. म्हणून रविवारी निर्जळी उपास धरून नर्मदा भर दुपारपर्यंत अंगणात उभी राही. पण काय ते दुर्दैव! चट्टे अधिकच पेटत, बोटांचे सांधे सुजत...

“तुझ्या व्रतातच खोट आसा,” सासूबाई म्हणत. नर्मदा आसवे गिळून पुढच्या रविवारची वाट पाही. लेकीसाठी ती आगीतही उभी राहिली असती!

शिमग्याला मुंबईहून आलेल्या गणपतने बायकोचे तोंड पाहिले मात्र, आईला आणि तिला घेऊन फोंडाघाटावरून त्याने थेट मिरज गाठली.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, “हा महारोग नव्हे. हा कोणाला लागत नाही. रक्तात रोगाशी लढणारे राखणदार असतात. यांचे राखणदार घरच्यांनाच परके समजून मारताहेत. का, ते आम्हालाही पुरते कळलेले नाही. पण उन्हाने ते जास्तच चवताळतात. गोळ्या देतो, ऊन मात्र टाळायचे.”

काशीबाई सुनेकडे वळल्या. “उन्हात तर मीच उभी केलंय हिका! देवाक दोष नाय गो, दोष माझो... घराची राखण करूक गेलंय आणि माझ्याच माणसाक वैरी समाजलंय! बोल, माका चार शब्द बोल!”

नर्मदेने त्यांचे हात धरले. “बोलान काय करू, आये? माझा चेडू परत हाडून दी.”

“मी स्वतः हाडतंय! घराक पोचल्यावर पयल्या गाडयेन!”

घरी येताच काशीबाईंनी सुनेला आपल्याच ताटात जेवायला बसवले. शेजारची हौसाबाई दारातूनच ओरडली, “काशीबाय, लागतला हां!”

“लागाचा आसता, तर तुझी जीभ माका कधीच लागली असती!”

किती महिन्यांनी हसली नर्मदा... हसता हसता रडली!

पहाटे ती गाढ झोपेत होती. काशीबाईंनी तिचे पांघरूण सारखे केले, देवाला हात जोडले, आवाज न करता कडी काढली आणि बांद्याच्या गाडीसाठी चालू लागल्या.