दातांतली तार

माझा फोन मुरुमच्या बाजारात बंद पडला, म्हणून शिवपुत्र भेटला. दुरुस्तीच्या दुकानात तो सोल्डरची तार दातांत धरून, दोन्ही हात फोनच्या पोटात घालून बसला होता. पुण्याच्या मोबाइल कारखान्यात मी सुट्या भागांतलं शिसं तपासते. पहिली नजर त्या तारेवरच गेली. दुसरी… जाऊ द्या, दुसरी त्याच्यावर गेली.

दहा दिवसांची सुट्टी होती. माझा फोन रोज बिघडू लागला. तो चहा मागवायचा आणि विचारायचा, पुण्यात दुकानं न्हाइत व्हय? मी म्हणायची, आहेत, पण तिथले कारागीर लाजत नाहीत.

चौथ्या दिवशी तो तार काढून मनापासून हसला, आणि माझ्या अंगावर काटा आला. हिरड्यांच्या कडेनं निळी-काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी.

तेवढ्यात दुकानाच्या मागच्या पडद्यामागं दात वाजले. मी डोकावले. त्याचा थोरला भाऊ उमाशंकर भर दुपारी अंधारात बसलेला. दोन्ही मनगटं लुळी लोंबत होती. तोंडात काहीच नव्हतं, तरी तार धरल्यासारखे दात हलत होते. मला बघून तो हसला. तीच रेघ!

"बाहेरचं झालंय दादाला," शिवपुत्र हळूच म्हणाला. सोनारीच्या भैरवनाथाला नेलं होतं, उतारे झाले, गुण आला नव्हता.

"तुमच्या आधी या खुर्चीवर कोण बसायचं?"

"दादाच."

"आणि तार कुठं धरायचे?"

त्याची बोटं आपल्याच ओठांकडे गेली. मी माझा बंद फोन त्याच्यासमोर धरला… काळ्या काचेत त्यानं ओठ वर केला, आणि बघतच राहिला.

तारेतलं शिसं पोटात जातं, हिरड्यांवर रेघ उमटते, मनगटं लुळी पडतात, मी सांगितलं. उद्याच दोघांचं रक्त तपासायचं, आणि शिसं नसलेली तार मी पाठवणार. चार दिवसांच्या ओळखीत या माणसाला गमावायची एवढी भीती वाटावी, म्हणजे मी पुरती अडकलेच होते.

त्यानं तारेचं रीळ डब्यात टाकून झाकण लावलं.

"ज्ञानेश्वरी, तू परत येशील का?" पहिल्यांदाच तू म्हणाला.

"येईन. तुझ्यासाठीच येईन."

त्यानं माझा हात धरला. पडद्यामागं दात वाजतच होते, आणि शिवपुत्रचेही ओठ नकळत तार शोधत हलू लागले. मी हात सोडला नाही.