न वाचता दिलेलं पुस्तक

मुलांना पुस्तकं सुचवण्याचा माझा एकच नियम होता: स्वतः शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही. वाचनालयाच्या बालविभागात मी एकटाच. पालक कुरकुरायचे, "काका, ही चित्रांची पुस्तकं नि परग्रहांच्या गोष्टी कशाला? काहीतरी उपयोगाचं द्या." मी मान डोलवायचो आणि पोराच्या हातात परग्रहच ठेवायचो. घरी माझ्याशी बोलणारा एक कुकर, तोही शिट्टीपुरता. माझं सगळं बोलणं वाचनालयातल्या या टेबलाशीच व्हायचं, आणि मी त्यावरच जगत होतो.

सगळ्यांत खादाड वाचक म्हणजे एक चष्मेवाली मुलगी. उडती शहरं, यंत्रमानव, काळात मागेपुढे जाणाऱ्या बोटी, सगळं तिनं फस्त केलं होतं. एका दुपारी ती कपाटं धुंडाळून आली आणि म्हणाली, "काका, तुमच्याकडचं संपलं वाटतं. मी आता येणार नाही."

नव्या गठ्ठ्यात एक जाडजूड चित्रकादंबरी होती, एकही शब्द नसलेली. मी ती उघडूनही पाहिली नव्हती. "हे बघ, खास तुझ्यासाठी ठेवलंय," मी चक्क थाप मारली.

काही दिवसांनी ती उड्या मारतच परत आली. "काका, यातले लायब्ररीवाले काका डिट्टो तुम्ही! काय गप्पा मारतात!"

"अगं, शब्द तरी आहेत का त्यात?"

"मग काय झालं?"

मी पुस्तक चाळलं. कपाटं, टेबल, जरा मागे सरकवलेली खुर्ची. पानामागून पान तेच. माणूस कुठेच नव्हता. पोरगी फिरकी घेतेय, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग त्या पुस्तकावर मुलांच्या उड्या पडल्या. जो तो वाचून खूश. माझ्या टेबलाशी मात्र गर्दी ओसरली. माझ्याशी हटकून वाद घालणारी जुळी भावंडं पुस्तक ठेवून सरळ निघाली. मी हाक मारली. दोघांपैकी कुणी वळूनही पाहिलं नाही.

परीक्षा असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण परीक्षा संपली, विभाग मुलांनी भरला, तरी मला कुणी काही विचारेना. इतकं एकटं मला घरीही कधी वाटलं नव्हतं.

काल चष्मेवाली वडिलांबरोबर आली. तिच्यासाठी एक पुस्तक मी मुद्दाम वाचून काढलं होतं, मागच्या कपाटात तळाशी होतं. कधी एकदा सांगतो असं झालं होतं.

"नमस्कार," वडील मला म्हणाले. मग तिला, "विचार ना काकांना."

"काका कुठे आहेत इथे, बाबा? खुर्ची रिकामी आहे."

वडील ओशाळून हसले. "चेष्टा करतेय हो. मनावर घेऊ नका."

"बाळा, इकडे बघ," मी म्हणालो.

तिनं ते चित्रांचं पुस्तक उघडलं. पानाशी वाकून हळूच काही विचारलं. ऐकलं. मान डोलावली.

मग थेट मागच्या कपाटाशी गेली आणि तळातून तेच पुस्तक काढून आणलं.

"बघा बाबा, यांनीच सांगितलं."

वडील कौतुकानं पानावर वाकले.

"नका बघू!" मी ओरडलो.

"अरे, हुबेहूब की!" म्हणत त्यांनी मान वर केली. त्यांची नजर माझ्यावरून सरकली आणि मागच्या भिंतीवर थांबली.

निघताना त्यांनी माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला.