पान संपेपर्यंत

"समोरचा बोलत नसेल, तर आपण बोलायचं, अक्षत. परक्या मुलखात गप्प बसणारा एकटा पडतो."

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या शाळेत पहिल्या दिवशी सोडताना सुधाकररावांनी लेकाला हे सांगितलं होतं. अक्षतने ते इतकं मनावर घेतलं, की स्टेशनवरच्या म्हाताऱ्यांपासून कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्यापर्यंत त्याने पुढे कुणाला सोडलं नाही. त्यामुळे २०१७च्या जुलैतल्या त्या शनिवारी, वेलिंग्टनच्या जर्मन क्लासच्या मधल्या सुटीत, समोर डबा उघडून बसलेली मुलगी उत्तरच देईना, तेव्हा हिला ऐकू येत नसावं असंच त्याला वाटलं.

बाहेर वारा पावसाला आडवा झोडपत होता. खिडकीजवळची टेबलं भिजली होती, म्हणून तो तिच्यासमोर टेकला. आधी जर्मनमध्ये नाव विचारलं, मग इंग्रजीत गाव विचारलं, मग हिंदीत भाजी कसली ते विचारलं. ती आपली मान खाली घालून जेवत होती. डोळे मात्र… हसत होते की काय? शेवटी त्याने मित्राला फोन लावला आणि बिनधास्त मराठीत सांगितलं, की समोर एक देखणा पुतळा बसलाय आणि मेथीच्या वासाने इकडे माझा जीव चाललाय.

मुलीने शेवटचा घास संपवला. चूळ भरून आली, डब्याला हात जोडले आणि मग म्हणाली,

"इरावती. नाशिकची. मेथी नाही, पालक. आणि पुतळ्याचा चातुर्मास आहे – जेवताना मौन."

अक्षतचे कान लाल झाले. "देखणाही म्हणालो होतो… तेही धरा ना."

"धरलंय," ती म्हणाली आणि तिने पुस्तक उघडलं.

ती अप्पर हटलाच स्नेहलतामावशीकडे राहत होती, म्हणून परतीची गाडी एकच निघाली. आणि नवल म्हणजे दोघांचा अर्जही एकाच ठिकाणी होता. स्टुटगार्टच्या विद्यापीठात पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकायचं, ऑक्टोबरात तिकडे रुजू व्हायचं. वसतिगृहाच्या ओट्यावर शेगडीचा कोणता कोपरा कुणाचा, यावर त्यांची भांडणंही आतापासून सुरू झाली. दर शनिवारी ती पहिला घास घेण्याआधी अक्षत एक प्रश्न विचारून ठेवी आणि पान संपेपर्यंत उत्तराची वाट पाही. बडबड्या मुलाला वाट पाहण्यातली गोडी अशी कळत गेली. ऑगस्टच्या सुरुवातीला दोघांनाही प्रवेश मिळाला.

त्याच महिन्यात सुधाकररावांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

वासंतीबाई नर्स होत्या. असे रुग्ण त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण हा घरातला होता. जेवणाच्या टेबलावर मायलेक अखंड बोलत राहत, सुधाकररावांचं न बोलणं जाणवू नये म्हणून. ते दोन घासांनंतर ताट सरकवून देत.

एका रविवारी इरावती मऊ खिचडी घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी बसली. "काका, माझं जेवताना मौन असतं. तुम्हाला चालेल ना?" एवढंच विचारलं आणि जेवायला लागली. अक्षत काही बोलणार, तोच तिने त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प झाला. वासंतीबाईही गप्प झाल्या. घड्याळाची टिकटिक, चमच्यांचा आवाज… सुधाकरराव डाव्या हाताने सावकाश, सांडत, पण जेवत राहिले. त्या दिवशी त्यांचं ताट रिकामं झालं. वासंतीबाई उगाचच नळ सोडून सिंकपाशी उभ्या राहिल्या.

इतके दिवस ती अक्षतला आवडत होती. त्या दुपारनंतर नुसतं आवडणं उरलं नाही.

ती निघायच्या आधीचा शेवटचा शनिवार आला. इरावतीने डबा उघडला, पहिला घास घेतला. तेवढी वाट पाहून अक्षत म्हणाला,

"मी स्टुटगार्टला नकार कळवलाय."

तिचा हात थांबला.

"आईची नोकरी आहे, बाबांना मी लागतो. तू जा. आणि… मला तू आवडतेस, हीप्स – इकडचं खूप खूप. म्हणूनच सांगतो, माझ्यात अडकू नकोस. तिकडे कुणी भेटलं, तर मला वाईट वाटणार नाही."

एक शब्द बोलली असती, तर कोण पाहायला आलं होतं? पण ती बोलली नाही, डबा मिटूनही ठेवला नाही. अन्न टाकायचं नाही हाही तिचा नेम होता. एकेक घास घशाखाली ढकलत ती जेवली. डोळ्यांतलं पाणी पोळीवर पडलं, ते तिने पुसलंही नाही. अक्षतला ते बघवेना. मग ती उठली, चूळ भरून आली, हात जोडले.

"घास तोंडात असताना मुद्दाम सांगितलंस ना?"

तो तिच्या रिकाम्या डब्याचं झाकण उगाच फिरवू लागला.

"माझं मौन देवासाठी आहे, अक्षत. तुला लपायला नाही." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "काकांना टाकून आला असतास, तर माझ्या मनातून उतरला असतास. पण मला सोडायचं तू एकट्याने कसं ठरवलंस?"

"तुला बांधून ठेवू?"

"मी बांधून घेतलेलं कधी सोडलंय?"

त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. "मग मी काय करू, तेवढं सांग."

"शनिवार सोडू नकोस. परीक्षेपर्यंत शीक. ज्या दिवशी येता येईल, त्या दिवशी भाषेपायी अडायला नको."

"आणि नाहीच येता आलं तर…?"

"तर शिक्षण संपवून मी येईन. भांडायला तिसरी भाषा होईल, जर्मन." तिने टेबलावर हात उघडा ठेवला. "शब्द दे."

अक्षतने तिच्या हातावर हात ठेवला. "दिला."

गुरुवारी ती गेली. शनिवारी सकाळी वाऱ्याने खिडक्या खडखडत होत्या. वासंतीबाई रात्रपाळीहून येऊन चहा टाकत होत्या, सुधाकरराव खुर्चीत बसले होते. आज नाही गेलं, तर विचारणारं कुणी नव्हतं. समोरची खुर्चीही रिकामीच असणार होती.

अक्षतने पुस्तक पिशवीत टाकलं, वडिलांच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली आणि रेनकोट चढवला. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी अलगद ओढून घेतलं आणि तो स्टेशनच्या वाटेला लागला.