ठेवणीतला सदरा

इचलकरंजीच्या झीज-चाचणी प्रयोगशाळेत घर्षणयंत्र थांबलं, तेव्हा डॉ. हेमलता मगदूम यांनी पडद्यावरचा आकडा दोनदा वाचला. एकोणचाळीस धुण्यांइतक्या झिजेतच कापड विरलं होतं. ते कापड तयार करणारे अभियंते इकबाल मोमीन शेजारीच उभे होते. त्यांच्या अंगात त्याच कापडाचा सदरा होता. आठ वर्षं वापरूनही त्याची कॉलर शाबूत होती.

"एक सदरा नऊ हजारांचा, आणि तीस वर्षं टिकेल म्हणून विकणार," हेमलता म्हणाल्या. "यावर मी सही कशी करू?"

"यंत्र खोटं बोलत नाही, मॅडम. पण माझा सदराही खोटा नाही."

"धागा सांधतो कसा, ते पुन्हा सांगा."

"धाग्यात प्रथिनांच्या साखळ्या आहेत. झिजून तुटल्या की त्यांची मोकळी टोकं हलत राहतात आणि एकमेकांना चिकटतात. म्हणून आम्ही त्याला स्वयंसांध धागा म्हणतो."

"हलायला ऊब लागेल. चिकटायला ओल आणि क्षार." हेमलता थांबल्या. "ही खोली कोरडी आहे, वीस अंशांवर. तुमचं अंग सदतीस अंशांवर आहे, मोमीनभाई. आणि तुम्हाला घाम येतो."

त्यांनी कोमट खारं पाणी फवारत चाचणी नव्यानं लावली. यंत्र नऊ दिवस अखंड चाललं. तीस वर्षांची झीज सोसून कापड जसंच्या तसं बाहेर आलं. हेमलतांनी निःशंक मनानं सही केली.

तीन वर्षांनी विश्वनाथ चौगुले नावाचे निवृत्त मुख्याध्यापक प्रयोगशाळेत आले. सोबत धाकटा भाऊ सदाशिव होता, ट्रकचालक. दोघांनी एकाच दिवशी सारखेच सदरे घेतले होते. चौगुले सरांनी आपला सदरा टेबलावर उलगडला. घडी जिथं पडली होती, तिथं कापड जाळीसारखं विरलं होतं.

"मी हा दोनदाच घातलाय," ते म्हणाले. "पुतणीच्या लग्नात आणि सत्काराला. एरवी कपाटात, मलमलीत गुंडाळून. सदाशिव मात्र त्याचा रोज गाडीवर घालतो. याचा बघा."

सदाशिवच्या सदऱ्याला ग्रीसचा डाग होता, विरलेलं मात्र कुठंच नव्हतं.

हेमलता सूक्ष्मदर्शकाशी बराच वेळ बसल्या. साखळ्या वापरानं तुटतात तशा नुसत्या काळानंही तुटतात, फक्त सावकाश. अंगावर त्या पुन्हा सांधल्या जातात. कपाटात ऊब नाही की घाम नाही.

"चूक माझी आहे, सर. वापरलेल्या कापडाची चाचणी मी घेतली. जपून ठेवलेल्या कापडाची घ्यायचं सुचलंच नाही."

"चांगलं ते ठेवणीत ठेवायचं, असंच आईनं शिकवलं होतं आम्हाला," सर हळूच म्हणाले.

"धागे पुरते सुटलेले नाहीत. महिनाभर रोज घाला. भरून येईल."

"फाटका सदरा घालून गावात फिरू?"

"मी येतो की संगं, दादा," सदाशिव म्हणाला.

सरांनी अंगातला शर्ट काढला, तो विरलेला सदरा चढवला आणि वरपर्यंत गुंड्या लावल्या. बाहेर ऊन तापलं होतं. सदाशिवनं रिक्षाला हात केला, पण सरांनी त्याला थांबवलं.

"चालत जाऊ," ते म्हणाले. "घाम यायला पाहिजे."